जिममधल्या ट्रेनरने दिलेली ‘५-अमिनो-१-एमक्यू’ची कॅप्सूल घेऊ का? उंदरांवर अशीच औषधं तपासलेल्या माणसाचं उत्तर

उत्तर आधी देतो, कारण तुम्ही म्हणताय की ट्रेनरला उद्या पैसे द्यायचेत. नका घेऊ. आणि वडिलांना तर अजिबात देऊ नका. पण "हे सगळं फेक आहे" म्हणून मी हात झटकणार नाही, कारण ते फेक नाहीये, या रेणूमागचं सायन्स खरं आहे, चांगल्या लॅबमध्ये झालंय आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतंही. घोळ झालाय तो उंदराच्या पिंजऱ्यापासून तुमच्या हातातल्या डबीपर्यंतच्या रस्त्यात.

तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात सांगतो. वय ४८, वजन ८७ किलो, बसून काम, थायरॉइडची ५० ची गोळी गेली सहा वर्षं चालू. ट्रेनर म्हणतो हे "पेप्टाइड" आहे, ५० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज एक, डाएट न करता चरबी वितळते आणि मसल वाढतो, वर अमेरिकेत सिद्ध झालंय. वडील ७६ चे, पाय बारीक झालेत, खुर्चीतून उठताना टेकू लागतो, तर त्यांनाही चालेल का.

मी सध्या फार्माकॉलॉजी शिकवतो. त्याआधी अकरा वर्षं एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात लठ्ठपणा आणि डायबेटिसच्या औषधांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या केल्यात, म्हणजे थोडक्यात जाड उंदीर तयार करायचे आणि मग ते बारीक करायचे. त्यामुळे या विषयावर जरा जास्तच बोललो तर सांभाळून घ्या.

आधी हे औषध करतं काय ते. आपल्या शरीरात एनएनएमटी नावाचं एक एन्झाइम आहे, मुख्यतः लिव्हरमध्ये आणि चरबीच्या पेशींमध्ये. त्याचं काम एका वाक्यात सांगायचं तर बी-३ व्हिटॅमिनच्या एका रूपावर, निकोटिनमाइडवर, एक मिथाइल गट चिकटवायचा. आता हे निकोटिनमाइड म्हणजे जुन्या गोटी सोड्याच्या रिकाम्या बाटलीसारखं समजा. पेशीत एनएडी नावाचा रेणू सतत वापरला जातो, ऊर्जा तयार करायला, डीएनए दुरुस्त करायला, आणि वापरून झाला की निकोटिनमाइड ही रिकामी बाटली उरते. एक यंत्रणा ती बाटली परत भरून आणते, म्हणजे पुन्हा एनएडी तयार होतो. एनएनएमटी मात्र त्या बाटलीवर मिथाइलचा शिक्का मारतं, आणि शिक्का बसला की ती परत भरता येत नाही, शेवटी लघवीवाटे बाहेर. शिवाय तो मिथाइलचा शिक्काही फुकट येत नाही, सॅम नावाच्या रेणूकडून घेतला जातो, ज्याची गरज शरीरात इतर शंभर ठिकाणी आहे. म्हणजे हे एन्झाइम जास्त झालं की बाटलीही गेली आणि शिक्काही गेला. लठ्ठ आणि डायबेटिक उंदरांच्या चरबीत ते जास्त असतं, माणसांमध्येही इन्सुलिन रेझिस्टन्सशी, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्या अवस्थेशी, त्याचा संबंध दिसलाय. ५-अमिनो-१-एमक्यू हा छोटा रेणू या एन्झाइमच्या खोबणीत निकोटिनमाइडच्या जागी जाऊन बसतो आणि काम अडवतो. बस्स, एवढंच. तो पेप्टाइड नाहीये, पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि हा क्विनोलिनच्या घराण्यातला साधा केमिकल रेणू आहे. नावात "अमिनो" आलं म्हणून पेप्टाइड म्हणणाऱ्या ट्रेनरकडून मी तरी प्रोटीन पावडरसुद्धा घेणार नाही, पण तो माझा प्रश्न.

या सगळ्याची सुरुवात झाली २०१४ मध्ये. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस हॉस्पिटलमधल्या बार्बरा कान यांच्या ग्रुपने ‘नेचर’मध्ये दाखवलं की उंदरांच्या चरबीत आणि लिव्हरमध्ये या एन्झाइमचं प्रमाण कमी केलं तर चरबीयुक्त खाणं देऊनही ते कमी जाड होतात, खाणं तेवढंच राहतं पण ऊर्जा जास्त जाळतात. तिथे गोळी नव्हती, जनुकाचा संदेश अडवणारं तंत्र होतं. गोळीसारखा रेणू आला टेक्सासहून, गॅल्व्हेस्टनच्या टेक्सास विद्यापीठाच्या मेडिकल ब्रँचमधून, स्टॅनली वॉटोविच आणि हर्षिनी नीलकंठन यांच्या टीमकडून. २०१८ चा त्यांचा पेपर हाच तुमच्या ट्रेनरच्या "अमेरिकेत सिद्ध झालंय"चा उगम. खायला घालून जाड केलेले उंदीर, दिवसातून तीनदा कातडीखाली इंजेक्शन, ११ दिवस. वजन साधारण ५ टक्क्यांनी उतरलं, पोटातल्या चरबीचा गोळा ३५ टक्क्यांच्या आसपास हलका झाला, चरबीच्या पेशी आकाराने लहान झाल्या, कोलेस्टेरॉल सुमारे ३० टक्के खाली आलं, आणि खाणं कमी झालं नाही. अकरा दिवसांत एवढं झालं म्हणजे मी तिथे असतो तर मीही खूश झालो असतो.

आणि नुसते अमेरिकनच नाहीत यात. त्याच वर्षी बंगळुरूच्या ज्युबिलंट बायोसिसने जर्मनीतल्या सनोफीबरोबर मिळून एक वेगळा रेणू काढला, निकोटिनमाइडचाच चुलतभाऊ म्हणा. तोंडाने द्यायचा. जाड उंदरांचं वजन उतरलं, साखर बारीक उंदरांइतकी नॉर्मल झाली. त्यांनी अजून एक चांगली गोष्ट केली जी मला फार आवडली, ज्या उंदरांमध्ये हे एन्झाइम जन्मापासूनच नाही त्यांनाही तेच औषध दिलं आणि तिथे काहीच फरक पडला नाही, म्हणजे औषध खरंच या एन्झाइममार्फतच काम करतंय, दुसरीकडून कुठून नाही, हे पक्कं झालं. पण त्याच पेपरमध्ये हेही होतं की जनुकीय दोषामुळे जाड असलेल्या उंदरांमध्ये साखर थोडी सुधारली पण वजन काही उतरलं नाही. म्हणजे "जाड" हा एकच आजार नाही, कशामुळे जाड झालाय त्यावर ठरतं. ट्रेनर हे वाक्य कधी सांगणार नाही.

आता जरा उंदरांबद्दल, कारण इथेच लोक फसतात. आमच्याकडे जे जाड उंदीर असायचे ते सगळे एकाच वंशाचे, जवळजवळ जुळे भाऊ. त्यांचं खाणं म्हणजे ६० टक्के कॅलरी चरबीतून असलेल्या निळसर तेलकट गोळ्या, हातात घेतल्या की बोटांना तुपासारखं लागतं, दोन-तीन दिवसांत खवट वास यायला लागतो म्हणून आठवड्यातून दोनदा बदलायच्या. तीन-चार महिने हे खाऊन उंदीर इतका गुबगुबीत होतो की हातात धरला तर पाण्याच्या फुग्यासारखा दोन्हीकडून ओघळतो. तो कधी लग्नाचं जेवण जेवत नाही, रात्री अकराला ऑफिसचा कॉल घेत नाही, गोळी चुकवत नाही. आणि लॅबचं तापमान २२ अंशांच्या आसपास, जे तुम्हा-आम्हाला मस्त एसी वाटतं पण उंदराला सुखाचं तापमान ३० अंशांच्या जवळ असतं, म्हणजे तो बिचारा दिवसभर थंडीतच असतो आणि त्याच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा नुसतं गरम राहण्यात जातो. त्यासाठी त्याच्याकडे ब्राउन फॅट नावाची शेगडी असते, भरपूर. आपल्याकडे मोठेपणी ती फार थोडी उरते. त्यामुळे "ऊर्जा जास्त जाळतो" असं औषध उंदरात नेहमी जास्त हिरो दिसतं. माझ्या हातून गेलेल्या रेणूंपैकी कितीतरी उंदरात जबरदस्त होते, माणसात त्यांचं नावही कुणी ऐकलं नाही. आणखी एक, दिवसातून तीनदा पकडून सुई टोचली की कुठलाही उंदीर थोडा वजन गमावतो, नुसत्या धसक्याने. म्हणून कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेल्या, उंदरांनाही नुसतं सलाइन तितक्याच वेळा टोचावं लागतं. टेक्सासवाल्यांनी ते केलं होतं, म्हणून त्यांच्या आकड्यांवर माझा विश्वास आहे. उंदरांपुरता.

तर आता अडचणीच्या गोष्टी. पहिली, लिव्हर. २०१५ मध्ये बॉस्टनच्या त्याच हॉस्पिटलमधून, पण दुसऱ्या ग्रुपकडून, ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलं की लिव्हरमध्ये हेच एन्झाइम चांगलं काम करतं. ते जो शिक्का मारलेला रेणू तयार करतं, एक-मिथाइल-निकोटिनमाइड, तो सर्ट-१ नावाच्या प्रोटीनला टिकवतो आणि त्यामुळे लिव्हरमधली चरबी आणि कोलेस्टेरॉल सुधारतं. म्हणजे चरबीच्या पेशीत हा व्हिलन आणि लिव्हरमध्ये सज्जन. मी मघाशी ज्याला फुकट गेलेली बाटली म्हटलं ती इतकी फुकट नाहीये, ती माझी उपमा तिथे लंगडी पडते हे मान्य. कॅप्सूल पोटात गेली की आतड्यातून रक्त आधी लिव्हरलाच जातं, "फक्त चरबीत जा हं" असं तिला सांगता येत नाही.

दुसरी, एन्झाइम पूर्ण काढून टाकलेले उंदीर. एखादं एन्झाइम अडवून फायदा होतो असं म्हणायचं असेल तर ते मुळातच नसलेल्या उंदराला जास्तीत जास्त फायदा व्हायला हवा, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. २०१९ मध्ये ‘डायबेटिस’ या जर्नलमध्ये आलेल्या कामात तसे उंदीर तपासले. नेहमीच्या खाण्यावर काही विशेष फरक नाही. जाड करणाऱ्या खाण्यावर नरांमध्ये इन्सुलिनचं काम सुधारलं, माद्यांमध्ये वजन आणि चरबी कमी वाढली, पण ग्लुकोज टॉलरन्स, म्हणजे साखर दिल्यावर ती रक्तातून हटवायची क्षमता, कुणाचाच सुधारला नाही. नर-मादीत वेगळं, कुठल्या खाण्यावर आहेत त्यावर वेगळं. त्याच पेपरमध्ये माणसांच्या चरबीचे तुकडे पण तपासले होते, डाएटने वजन कमी करणाऱ्या लोकांचे, आणि गंमत बघा, वजन उतरताना त्यांच्या चरबीत हे एन्झाइम वाढलेलं सापडलं. सरळ गोष्ट असती तर ते कमी व्हायला हवं होतं ना.

म्हणून म्हणतो, रेणू खरा आहे पण चित्र अजून अर्धवट आहे. आणि ५-अमिनो-१-एमक्यू माणसांना देऊन वजन उतरलं किंवा ताकद वाढली असं दाखवणारी एकही प्रकाशित चाचणी नाही. एकही. ट्रेनरकडे "आधी-नंतर"चे फोटो असतील, ते पुरावा नसतात, त्यात लायटिंग आणि दाढी केलेली छाती असते.

आता वडिलांचा मुद्दा, मसल. इथे मला थोडं जास्त थांबायचंय कारण या रेणूची सगळ्यात इंटरेस्टिंग बाजू हीच आहे, माझ्या मते चरबीपेक्षाही. वय झालं की स्नायूला इजा झाल्यावर दुरुस्त करणाऱ्या मूळ पेशी सुस्तावतात. स्नायूत हे एन्झाइम वयाबरोबर वाढतं, एनएडी कमी होतो, तर अडवून बघू, हा टेक्सासवाल्यांचा विचार. २०१९ मध्ये त्यांनी २४ महिन्यांच्या म्हाताऱ्या उंदरांच्या पायाच्या स्नायूला मुद्दाम इजा केली आणि औषध दिलं. मूळ पेशी जाग्या झाल्या, नवीन तंतू जवळजवळ दुप्पट जाड आले, ताकद ७० टक्क्यांच्या आसपास जास्त परत आली. मग २०२४ चं काम, इजा नाही, नुसते म्हातारे उंदीर, काहींना चाकावर पळायला लावलं, काहींना नुसतं औषध, काहींना दोन्ही. पकडीची ताकद नुसत्या व्यायामाने साधारण २०, नुसत्या औषधाने ४० आणि दोन्हीने मिळून ६० टक्क्यांनी जास्त.

ही पकड मोजतात कशी माहितीये का? उंदराला शेपटीला धरून एका बारीक जाळीवर उतरवायचं, तो जीव खाऊन पंजांनी जाळी पकडतो, मग त्याला हळूच, अगदी आडवं, मागे ओढायचं. पकड सुटते त्या क्षणी मीटरवर किती ग्रॅम जोर होता ते येतं. तीन-चार वेळा करून सरासरी. ऐकायला सोपं आहे पण ओढणाऱ्याचा हात जरा जोरात गेला की आकडा बदलतो, मूड नसलेला उंदीर जाळी पकडतच नाही, आणि सकाळी पहिल्यांदा केलेल्याचा आकडा वेगळा. म्हणून कुठल्या पिंजऱ्यातला उंदीर औषधवाला ते ओढणाऱ्याला माहीत नसावं लागतं. हे मी त्यांच्या कामात खोट काढायला सांगत नाहीये, ही चाचणी आम्हीही रोज करायचो. पण "४० टक्के ताकद वाढली" हे वाक्य ऐकताना तुमच्या डोळ्यांसमोर डेडलिफ्ट येतो आणि माझ्या डोळ्यांसमोर जाळीला लटकलेला म्हातारा उंदीर येतो, हा फरक राहू द्या. शिवाय हे बहुतेक काम रेणू शोधणाऱ्या टीमनेच केलंय आणि त्यावर त्यांची कंपनीही आहे, रिजलाइन थेरप्युटिक्स. त्यात गैर काही नाही, औषधं अशीच बनतात. पण दुसऱ्या कुणी तरी, ज्याचा त्यात पैसा नाही, ते पुन्हा करून दाखवेपर्यंत माझ्यासारखा माणूस वहीत पेन्सिलनेच लिहितो.

अजून एक बाजू आहे जी खास आपल्या लोकांची आहे, अमेरिकन फोरमवर कुणी बोलणार नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव ऐकलं असेल. त्यांनी आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला होता, दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३, आणि अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२. म्हणजे काट्यावर बारीक आणि आतून चरबी जास्त, मसल कमी. आपली तऱ्हाच ती. त्याच ग्रुपने पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांमध्ये बी-१२ मोजलं तर ६७ टक्क्यांना कमी निघालं. आता हे इथे का आणलं? तर मघाशी म्हटलं ना मिथाइलचा शिक्का सॅमकडून येतो, तर मिथाइल देऊन टाकलेला सॅम शेवटी होमोसिस्टीन नावाचा रेणू होतो आणि त्याला परत कामाला लावायला बी-१२ आणि फोलेट लागतं. एनएनएमटी हा या सगळ्या चक्राचा एक मोठा नळ आहे. बी-१२ आधीच तळाला गेलेल्या शाकाहारी माणसात तो नळ बंद केला तर चांगलं होईल की वाईट, कागदावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो, मी एका चहात दोन्ही बाजू लढवून दाखवीन. पण लॅबच्या उंदराच्या गोळीत बी-१२ सकट सगळी व्हिटॅमिनं मोजून घातलेली असतात, तो तुमच्या परिस्थितीत कधी नव्हताच.

बरं, आता डबीवर येऊ. समजा सायन्स शंभर टक्के खरं निघालं. तरी तुमच्या हातातली वस्तू ती नाही. का ते सांगतो, आणि तुमच्यासाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

उंदराला दिलं ते २० मिलिग्रॅम दर किलोला, दिवसातून तीनदा, म्हणजे ६०. उंदराचा डोस माणसाला लावताना सरळ वजनाने गुणायचं नसतं, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने साधारण १२.३ ने भागतात. ६० भागिले १२.३ म्हणजे ४.९, गुणिले तुमचे ८७ किलो, सव्वाचारशे मिलिग्रॅम रोज, तेही इंजेक्शनने. तुम्ही घेणार ५०, तेही तोंडाने, आणि तोंडाने दिलं की मोठ्या पांढऱ्या रॅटमध्ये ३८ टक्क्यांच्या आसपासच रक्तात पोचतं. म्हणजे ट्रेनर ज्या प्रयोगाचं नाव घेतोय त्याच्या जवळपासही हा डोस नाही. आता "मग आठ कॅप्सूल घेऊ का" असं कुणाच्या डोक्यात येत असेल तर पुढचा परिच्छेद वाचल्याशिवाय उठू नका.

हा रेणू कायमचा धनभारित असतो, त्यामुळे तो एकटा बाटलीत राहू शकत नाही, त्याच्याबरोबर एक ऋणभारित जोडीदार लागतो. तयार करताना मिथाइल लावायला सगळ्यात सोपं रसायन म्हणजे मिथाइल आयोडाइड, आणि मग जोडीदार आपोआप आयोडाइड येतो. लॅबसाठी मिळणारं मटेरियल बऱ्याचदा हेच आयोडाइड सॉल्ट असतं, क्लोराइडही मिळतं. आयोडाइड असेल तर एकूण रेणूभार २८६, त्यातलं आयोडीन १२७, म्हणजे पावडरच्या वजनाच्या ४४ टक्के नुसतं आयोडीन! ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये औषध जेमतेम २८ आणि आयोडीन २२ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची आयोडीनची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये तुमची जवळजवळ दीडशे दिवसांची गरज. रोज. आणि तुम्हाला थायरॉइड आहे. इतक्या आयोडीनने आधीच नाजूक असलेली थायरॉइड ग्रंथी आणखी बसू शकते किंवा उलट उसळूही शकते, आणि मग छाती धडधडतेय, वजन उतरतंय, घाम येतोय, तर ट्रेनर म्हणणार "बघा, काम करतंय"!

डबीवर कुठलं सॉल्ट ते लिहिलंय का बघा. मी पैज लावतो, नसेल. आमच्या लॅबमध्ये एकदा एका सप्लायरकडून याच घराण्यातला एक रेणू मागवला होता, सोबत ९८ टक्के शुद्धतेचं सर्टिफिकेट, छान स्टॅम्प वगैरे. आमच्या केमिस्टने सवयीने तपासलं तर सॉल्ट लिहिलेलं एक आणि आलेलं दुसरं, शिवाय सुरुवातीचं कच्चं क्विनोलिन शिल्लक. आम्ही फेकून दिलं, तीन आठवडे गेले, बॉसची बोलणी खाल्ली, विषय संपला. तुमच्याकडे तपासणारा केमिस्ट नाहीये. मिथाइल आयोडाइड हे तर डीएनएला मिथाइल चिकटवणारं रसायन, खऱ्या औषधात ते किती शिल्लक चालेल याची कडक मर्यादा असते, "फक्त संशोधनासाठी" लिहिलेल्या पावडरला अशी मर्यादा कुणी लावत नाही. आणि त्या डबीला ना अमेरिकेच्या एफडीएची मान्यता, ना आपल्या सीडीएससीओची, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची.

ट्रेनर स्वतः स्पर्धेत उतरत असेल तर त्यालाही सांगा, वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, यादीतला पहिलाच नियम असा आहे की जे औषध कुठल्याच देशात माणसांसाठी मान्य नाही ते खेळाडूला कायम बंद. नाव यादीत शोधून सापडलं नाही म्हणून सुटका नाही.

तुम्ही म्हणाल सर फारच घाबरवताय. तर "व्यायामाची गोळी" हे गाणं मी पहिल्यांदा ऐकत नाहीये. २००८ च्या सुमारास कार्डारिन नावाच्या रेणूने उंदीर मॅरेथॉन पळायला लागले, ते बनवणाऱ्या कंपनीने मात्र प्राण्यांमध्ये कॅन्सर दिसल्यामुळे त्याआधीच काम थांबवलं होतं, तरी जिममध्ये ते वर्षानुवर्षं विकलं गेलं, २०१३ मध्ये वाडाला मुद्दाम धोक्याची सूचना काढावी लागली. रिमोनाबँट हे वजनाचं औषध तर रीतसर मान्यता मिळालेलं, आपल्याकडे दुकानात मिळायचं, वजन उतरायचं आणि माणूस डिप्रेशनमध्ये जायचा, २००८ मध्ये युरोपने काढलं, २००९ मध्ये आपण बंदी घातली. सगळ्या चाचण्या पार करून आलेल्या औषधाची ही गत, तर न केलेल्याचं काय बोलायचं.

मग करायचं काय. तुमच्यासाठी, वजनच उतरवायचं असेल आणि डाएट-चालण्याने होत नसेल तर सेमाग्लुटाइड, टिरझेपाटाइड ही औषधं आता भारतात रीतसर मिळतात, हजारो माणसांवर तपासलेली. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, डमी इंजेक्शनवर २.४. त्यांचे त्रास आहेत, खर्च आहे, आणि त्यात चरबीबरोबर मसलही जातो, म्हणून तर या एनएनएमटीवाल्यांना आता जोर आलाय. पण ते डॉक्टरसमोर बसून ठरवायचं, लॉकर रूममध्ये नाही. त्याआधी एचबीए१सी, लिपिड, बी-१२, डी आणि टीएसएच करून घ्या. कमरेचा घेर बेंबीजवळ मोजा, काट्यापेक्षा तो जास्त खरं बोलतो.

वडिलांसाठी घरीच एक चाचणी करा. बिनहाताची, भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर घडी, पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं, मोबाइलवर वेळ लावा, तुम्ही शेजारी उभे राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, किंवा जमलंच नाही, तर डॉक्टरकडे सार्कोपेनिया, म्हणजे वयामुळे स्नायू झिजणं, म्हणून दाखवा. ट्रेनरला उंदराच्या ४० टक्क्यांची एवढी भुरळ पडलीये ना, तर १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी ९० वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायाची वजनं उचलायला लावली होती, एक जण मध्येच थांबला, उरलेल्यांच्या पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतली माणसं, उंदीर नाही. सुरुवात इतकी खालून होती म्हणून टक्का मोठा दिसतो हे खरं, पण काठी टाकून चालण्यासाठी लागते ती हीच खालची ताकद. फिजिओथेरपिस्टकडून शिकून आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी थोडं वाढवत.

आणि खाणं. तुम्ही लिहिलंय वडील सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, चारला चहा-खारी, रात्री मऊ भात. माझ्या हिशोबाने हे चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम प्रोटीनच्या पुढे जात नाही, आणि ६५ किलोच्या म्हाताऱ्या माणसाला पासष्ट ते पंचाहत्तर तरी हवं. रात्रीच्या मऊ भाताबरोबर घट्ट वरण आणि वाटीभर दही, सकाळी दोन अंडी चालत असतील तर अंडी, नसतील तर पनीर किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, चहाबरोबर खारीऐवजी फुटाणे, दात नसतील तर त्याचंच पीठ ताकात. किडनीचा रिपोर्ट आधी बघून घ्या, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.

डबी आधीच घेऊन झाली असेल आणि दोन-चार कॅप्सूल पोटात गेल्या असतील तर घाबरू नका, बंद करा, डबी फेकू नका, लेबलसकट तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि टीएसएच परत कधी करायचं ते विचारा. छातीत धडधड किंवा हाताला कंप असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी जा. बाबांच्या खुर्चीच्या चाचणीचे सेकंद किती आले ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.